आयकॉन की न्यू स्टेटनडॅम? हिवाळ्यातल्या क्रूझचं आमचं काय ठरलं

क्रूझला जायचं हे ठरलेलंच होतं, कॅरिबियनला जायचं हेही ठरलेलं होतं, अडलं होतं ते फक्त जहाजावर. बघता बघता यादीत दोनच नावं उरली. एक रॉयल कॅरिबियनची आयकॉन ऑफ द सीज, जी मायामीहून सुटते, आणि दुसरी हॉलंड अमेरिका लाइनची न्यू स्टेटनडॅम, जी हिवाळ्यात फोर्ट लॉडरडेलहून जाते. जाणारे आम्ही चौघं: मी, नवरा, माझी आई आणि कॉलेजमधली लेक. आईचे गुडघे दुखतात आणि तिला बोट लागते. लेकीला रात्री साडेनऊला खोलीत जाऊन झोपायचं नाहीये. नवऱ्याला समुद्राकडे बघत बसायला मिळालं की बाकी काही नको. म्हणजे प्रत्येकाची मागणी वेगळी, आणि त्या सगळ्या एकाच जहाजात बसवायच्या होत्या.

माहिती शोधायला लागलं की सगळीकडे स्लाइड किती, रेस्टॉरंट किती, पूल किती एवढंच सापडतं. त्यात आयकॉनशी न्यू स्टेटनडॅमची बरोबरीच नाही. २० डेक म्हणजे मजले, ३६५ मीटर लांबी, सात पूल, सहा वॉटर स्लाइड, बर्फावर स्केटिंगचे शो, पुढच्या बाजूला काचेचा मोठा घुमट आणि त्यात उंचावरून पाण्यात उड्या मारणारे कलाकार. जानेवारी २०२४ मध्ये ती पहिल्या सफरीला निघाली तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी जहाज म्हणून निघाली. न्यू स्टेटनडॅम २०१८ ची आहे आणि तिच्या पानावर असं डोळे दिपवणारं काही दिसत नाही, म्हणून पहिले काही दिवस आमच्या घरात चर्चा एकतर्फीच होती.

मग मी आकडे काढून बसले आणि तिथे मला पहिला धक्का बसला. आयकॉनचं ग्रॉस टनेज २,४८,६६३, न्यू स्टेटनडॅमचं साधारण १ लाख. ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाचं वजन नव्हे हं, आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे, त्यामुळे त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी किती जागा वाट्याला येते याचा अंदाज येतो. एका केबिनमध्ये दोन माणसं धरली तर आयकॉनवर ५,६१० प्रवासी, म्हणजे माणशी ४४ च्या आसपास. न्यू स्टेटनडॅमवर २,६६६ प्रवासी, म्हणजे माणशी साडेसदतीस. मोठ्या जहाजावर गर्दी आणि छोट्यावर ऐसपैस असं आपण धरून चालतो ना, कागदावर ते बरोबर उलटं निघतं! आणि छोटं तरी कुठे छोटं, न्यू स्टेटनडॅमही जवळपास ३०० मीटर लांब आहे, आईच्या गुडघ्यांना दोन्हीकडे चालावं लागणारच.

पण यात एक मेख आहे आणि हिवाळ्याच्या सुट्टीत ती फार महत्त्वाची आहे. हे ५,६१० म्हणजे खोलीत दोघं धरून. शाळांना सुट्टी असते तेव्हा त्याच खोल्यांमधले सोफाकम बेड आणि वरचे बंक उघडले जातात, मुलं येतात, आणि आयकॉनची कमाल क्षमता जाते ७,६०० वर. तेव्हा तेच गणित माणशी ३३ च्या खाली येतं. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात जाणं आणि जानेवारीच्या मधल्या आठवड्यात जाणं ही एकाच जहाजाची दोन वेगळी रूपं आहेत, आणि मला वाटतं की कुठलं जहाज याच्या आधी कुठला आठवडा हे ठरवायला हवं. आम्हाला शाळेची अडचण नसल्यामुळे आम्ही जानेवारीचा मध्य पकडला, भाडंही त्या मानाने उतरलेलं असतं.

आठवडा ठरला तरी जहाज बाकीच होतं. तेव्हा मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. समुद्रातला दिवस आहे, म्हणजे सी डे, कुठलंही बंदर नाही, दुपारचे तीन वाजलेत आणि बाहेर जोराचा वारा आहे. तुम्ही कुठे बसलेले असाल?

हा प्रश्न उगाच नाही काढला. कॅरिबियनचा हिवाळा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कडक ऊन आणि शांत निळं पाणी येतं, आणि बरेचसे दिवस तसे असतातही, चक्रीवादळांचा मोसम १ जूनला सुरू होऊन ३० नोव्हेंबरला संपतो त्यामुळे ती धास्ती हिवाळ्यात नसते. पण थंड हवेचे पट्टे उत्तरेकडून खाली सरकतात आणि बहामाजपर्यंत पोचतात, मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या बाजूला तर या उत्तरेच्या वाऱ्याने बंदर बंद ठेवायची वेळ येते. पूर्व कॅरिबियनमध्ये डिसेंबर-जानेवारीतल्या जोरदार वाऱ्यांना ख्रिसमस विंड्स असं नावच पडलंय. बहामाजचं पाणी जानेवारीत २३-२४ अंशांवर असतं, पोहता येतं पण पहिल्यांदा उतरताना अंगावर काटा येतो. पाणी खरंच उबदार हवं असेल तर आणखी दक्षिणेला अरुबा-क्युरासावकडे जाणारा रूट शोधावा.

तर प्रश्नाची उत्तरं. आयकॉनवर वारा असेल तर वरच्या डेकवरच्या स्लाइड आणि उंचावरचे खेळ सुरक्षेसाठी बंद ठेवतात, पूल उघड्यावर आहेत, मग हजारो माणसं एकदम आत येतात. आत काय कमी नाही, थिएटर आहे, दुकानं आहेत, घुमटाखाली बसायला जागा आहे, आणि सेंट्रल पार्क ही तर खरोखर सुंदर कल्पना आहे, जहाजाच्या पोटात वरून आकाश दिसणारी बाग आणि त्यात हजारो खरी झाडं. लेक म्हणाली मी तिथे बसेन. आई म्हणाली, "बागेतच बसायचं तर समुद्रावर कशाला जायचं गं?"

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण दोन जहाजांमधला फरक तिने बरोबर पकडला होता. आयकॉनची रचना मुळात आतल्या बाजूला तोंड करून आहे. तिथे काही बाल्कनीवाल्या खोल्यासुद्धा अशा आहेत की बाल्कनीत उभं राहिलं की खाली बाग किंवा मुलांच्या खेळाची जागा दिसते आणि समोर दुसऱ्यांच्या बाल्कन्या, समुद्र नाहीच. बुक करताना नुसतं बाल्कनी हा शब्द बघून खूश होऊ नका, ती समुद्राकडची आहे की आतल्या बाजूची ते नीट वाचा, भाड्यातला फरक बऱ्याचदा तिथूनच येतो.

न्यू स्टेटनडॅमवर तीन वाजता काय, याचं उत्तर सोपं निघालं. लिडो डेकवरच्या पूलला सरकतं काचेचं छत आहे, वारा सुटला की ते बंद करतात आणि आत पूल चालूच राहतो. आणि तिसऱ्या डेकवर जहाजाला पूर्ण वळसा घालणारा प्रोमनाड म्हणजे चालायचा रस्ता आहे, वरून झाकलेला, बाजूने उघडा, पाण्याच्या बऱ्यापैकी जवळ. एका बाजूला वारा असला तरी दुसरी बाजू आडोशाची असते. नवऱ्याने तो प्रोमनाड बघितला आणि त्याचं मत तिथेच पक्कं झालं. आईला चालायला सपाट, कठडा धरता येईल अशी जागा मिळणार होती आणि दमली की तिथेच बसता येणार होतं.

बोट लागण्याबद्दल मात्र आयकॉनचं पारडं थोडं जड आहे हे मान्य करायला हवं, मोठं जहाज छोट्या लाटांना दाद देत नाही. पण स्टॅबिलायझर दोन्ही जहाजांना आहेत, म्हणजे पाण्याखाली दोन्ही बाजूंना असलेले पंखासारखे भाग, जे डोलणं कमी करतात. ते कुशीवर डोलण्याला आवर घालतात, पुढचं टोक वर-खाली होतं त्याला मात्र फारसं काही करू शकत नाहीत. म्हणून ज्यांना त्रास होतो त्यांनी जहाजापेक्षा केबिनची जागा बघावी, लांबीच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर. मोठ्या जहाजाच्या अगदी वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत जे डोलणं जाणवेल ते मध्यम जहाजाच्या खालच्या मधल्या खोलीत जाणवणार नाही. आईच्या डॉक्टरांना गोळीचं आधीच विचारून ठेवलंय, ती गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते.

केबिनवर आणखी थोडं लिहिते, कारण माझ्यामते जहाज निवडताना लोक जेवढा वेळ घालवतात त्याच्या निम्मा तरी खोली निवडण्यात घालवायला हवा. मागे एका दुसऱ्याच जहाजावर आम्हाला गॅरंटी केबिन मिळाली होती, म्हणजे आपण फक्त प्रकार निवडायचा, नंबर कंपनी देते, म्हणून ती स्वस्त पडते. खोली छान होती, पण बरोबर वर पूल डेक. रोज उजाडायच्या आत कर्मचारी आरामखुर्च्या रांगेत लावायचे आणि त्यांचे पाय फरशीवर घासत जायचे, कर्रर्र, मग धप्प, मग पुन्हा कर्रर्र, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सफर संपेपर्यंत कितवी खुर्ची आपल्या उशीवर येणार हे मला आवाजावरून कळायला लागलं होतं. तेव्हापासून मी डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडते आणि आपल्या खोलीच्या वर कोण आणि खाली कोण हे बघते. वरही केबिन आणि खालीही केबिन असेल तर शांत झोप. शेजारच्या खोलीशी जोडणारं दार नसलं तर अजूनच चांगलं, त्या दारातून बोलणं ऐकू येतं.

संध्याकाळचा मुद्दा लेकीचा होता आणि तो मी हलक्यात घेतला नाही. आयकॉनवरचे शो न्यू स्टेटनडॅमवर मिळणार नाहीत, त्यात वादच नाही. पण इथे मोठ्या स्टेजशिवाय लाइव्ह म्युझिकच्या वेगवेगळ्या जागा आहेत, आणि लेकीला गाण्याचं वेड आहे. प्रवाशांचं सरासरी वय जास्त असणार, तिच्या वयाची मुलं कमी भेटणार, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ती दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली चालेल, पण पोर्ट डेला, म्हणजे बंदरात थांबायच्या दिवशी, काय करायचं ते मी ठरवणार. मला हा सौदा आवडला.

एका बाबतीत न्यू स्टेटनडॅमची बाजू आमच्यासाठी थोडी लंगडी होती. हॉलंड अमेरिकाच्या बऱ्याच सफरी बहामाजमधल्या हाफ मून के या बेटावर थांबतात आणि तिथे वर्षानुवर्षं टेंडरने उतरवत आलेत, म्हणजे जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटीत बसून किनारा गाठायचा. हलत्या बोटीत पाय टाकणं आईला जमेल की नाही सांगता येत नाही. रॉयल कॅरिबियनच्या कोकोके बेटावर धक्का आहे, जहाजातून थेट चालत उतरता येतं. अर्थात वारा जास्त असेल तर धक्का असूनही तिथलं थांबणं रद्द होतं, हिवाळ्यात हे होतच असतं. कंपन्यांच्या करारात बंदर बदलण्याचा किंवा गाळण्याचा हक्क त्यांच्याकडे असतो, त्या बंदराचे कर परत मिळतात, भाडं नाही. त्यामुळे एकाच बेटाच्या भरवशावर कुठलंही जहाज निवडू नये. आम्ही बाकीची बंदरं धक्क्याची आहेत ना हे बघितलं, आणि बेटावर आईला जमलं नाही तर मी तिच्यासोबत जहाजावर राहणार, सगळे उतरल्यावर जहाज किती मोकळं असतं ते मला माहीत आहे.

स्वच्छतेचंही बघून घेतलं. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी संस्था तिथल्या बंदरात येणाऱ्या जहाजांची अचानक तपासणी करते, १०० पैकी गुण देते आणि ८५ किंवा खाली आलं की नापास. हे गुण सगळ्यांना बघता येतात, आपल्या जहाजाचं नाव टाकून जरूर बघा. आणि तिथे गेल्यावर जेवायच्या आधी साबणाने हात धुवा, क्रूझवर पोटाचा जो व्हायरस पसरतो त्याला नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीलाही याच हिवाळ्यात जायचंय. तिची मुलं पाच आणि आठ वर्षांची, तिने विचारलं तेव्हा मी क्षणभरही विचार न करता आयकॉन सांगितलं. सर्फसाइड नावाचा आख्खा भाग लहान मुलांच्या कुटुंबांसाठी आहे, पाण्यात खेळायची जागा, खाणं आणि आईबाबांची बसायची जागा सगळं एकमेकांना लागून, म्हणजे मुलं नजरेसमोर आणि हातात कॉफी. मुलांना समुद्राकडे बघत बसायचं नसतंच. तिला फक्त एवढं बजावलं की ड्रिंक पॅकेज घ्यायच्या आधी विचार कर, एका खोलीतल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच खोलीतल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही ते घ्यावं लागतं, आणि तिचा नवरा पीत नाही.

आमचं बुकिंग झालं. न्यू स्टेटनडॅम, मध्यावरची खोली, समुद्राकडची बाल्कनी, वर-खाली केबिनच. आईची खोली आमच्या शेजारी आणि लिफ्टपासून जवळ, पण लिफ्टला अगदी लागून नाही. विमान आदल्या दिवशीचं घेतलंय, कारण हिवाळ्यात उत्तरेकडच्या विमानतळांवर बर्फ पडला की सगळं वेळापत्रक कोलमडतं आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. लेकीने बंदरांची यादी करायला घेतली आहे.