तुम्ही विचारलंत म्हणून : मुंबईच्या बारमध्ये नाशिकचं गिऱ्हाईक

वाशी मार्केटला द्राक्षांची गाडी खाली झाली, विकलेल्या मालाच्या हिशेबाची पट्टी हातात आली आणि रात्र काढायची आहे. किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्याच्या कामासाठी ठाण्यात मुक्काम आहे. अशा वेळी निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडची माणसं हमखास विचारतात, ‘डान्स बारला जाऊन आलं तर चालेल का? किती लागतात? लफडं तर नाही ना होणार?’ प्रश्न दबक्या आवाजात येतो, उत्तर कोणी नीट देत नाही आणि माणूस अंदाजाने जातो. बाहेरगावचं गिऱ्हाईक लुटलं जातं ते या अंदाजापायी. म्हणून सगळं सरळ सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे परदेशात असतो तसा स्ट्रिप क्लब आपल्याकडे कायद्याने चालूच शकत नाही. कपडे उतरवून नाच करायचा परवाना इथे कोणालाच मिळत नाही. त्यामुळे ‘वर खास शो आहे, चला’ असं कोणी म्हटलं की तो सापळाच समजा. वरच्या खोलीत दार बंद होतं, बिल तोंडाला येईल ते लागतं आणि तुम्ही पोलिसांकडे जाणार नाही याची त्यांना खात्री असते. गोव्यात कळंगुट-बागाच्या रस्त्यावर दलाल पर्यटकांना असंच गाठतात.

मग चालतं काय? महाराष्ट्रात २००५ साली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, डान्स बार बंद झाले. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट होती. हाच भेदभाव न्यायालयात टिकला नाही. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली. पुढे २०१६ चा नवा कायदा आला. त्यातल्या काही अटी १७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकल्या, काही ठेवल्या. ठेवलेल्यांपैकी गिऱ्हाइकाच्या कामाच्या अशा : नाच संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० एवढ्याच वेळात, अश्लील नाच नाही, नोटा उधळायच्या नाहीत. टिप द्यायला मात्र न्यायालयाने मोकळीक ठेवली आहे. परवान्याशिवाय नाच चालवणाऱ्या मालकाला ५ वर्षांपर्यंत कैद आणि २५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. या धास्तीने बहुतेक जागा नाचाच्या नव्हे, ऑर्केस्ट्राच्या परवान्यावर चालतात. तिथे मुली गातात, नाचायची परवानगी नसते. मंचावर एकूण किती कलाकार, यावर मर्यादा आहे. पूर्वी त्यात चार बायका, चार पुरुष अशी वाटणी असे, ती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. ऑर्केस्ट्रा बारमध्ये नाच सुरू झाला की ती जागा कायद्याबाहेर गेली. शांतपणे बिल मागवून उठावं.

आता पैशांचं. पट्टीची रक्कम घेऊन आत जाऊच नका. ती खात्यात भरा किंवा सोबत्याकडे लॉजवर ठेवा. जेवढे गेले तरी चालतील तेवढेच खिशात असू द्या. रिक्षावाल्याला ‘चांगला बार दाखव’ म्हणू नका, गिऱ्हाईक नेऊन सोडण्याचं कमिशन त्याला असतं आणि ते तुमच्याच बिलातून निघतं. दारावरच विचारून घ्या : एंट्री किती, टेबलावर किमान किती रुपयांची ऑर्डर द्यावी लागते. छापलेलं मेन्यूकार्ड मागा. ‘कार्ड नाही, सांगा काय आणू’ असं उत्तर आलं तर बसू नका.

बसल्यावर खरी गडबड पेगात होते. स्मॉल म्हणजे ३० मिली, लार्ज म्हणजे ६० मिली. ७५० मिलीच्या बाटलीत लार्ज बारा होतात, थोडी उरते. चौघांनी तीन-तीन घेतले आणि बिलात दोन बाटल्या दिसल्या तर तिथेच बोला. बाटली सीलबंद आणून टेबलावर उघडायला सांगा. पेग असेल तर मापाने समोर ओतायला सांगा. बिअर घेत असाल तर झाकणं टेबलावरच ठेवा, वेटरला उचलू देऊ नका. शेवटी मोजायला तोच पुरावा उरतो. न विचारता ‘रिपीट’ ओतलं जातं, त्याला पहिल्या वेळीच ‘मागितल्याशिवाय नको’ म्हणा. सगळ्यात चांगलं म्हणजे प्रत्येक राउंडचे पैसे त्याच वेळी द्यायचे. यूपीआयने दिलेत तर रक्कम आणि नाव वाचूनच पिन टाका. फोन किंवा कार्ड काउंटरवर पाठवू नका. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, तेव्हा दारूच्या रकमेवर जीएसटी लावला असेल तर तो चुकीचा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, काढायला सांगू शकता. वाद झाला तर बिल घेऊन बाहेर पडा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. अडवून ठेवलं, दमदाटी केली तर ११२.

थोड्या वेळाने वेटर दहाच्या नोटांचं बंडल आणून ठेवतो. शंभर नोटा, हजार रुपये. हातात घेतलं की हजार मोठे वाटतात, आणि उडवायला मिनिटभरही लागत नाही. ते बंडल परत करा. उधळणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. नोटांऐवजी कूपन किंवा ज्याचे पैसे होतात अशी दुसरी वस्तू फेकली तरी कायदा तोच. शिवाय उधळलेले पैसे वेटर गोळा करतात आणि त्यात बारचा वाटा निघतो. गाणारीच्या हाती किती पडतं ते तुम्हाला कधीच कळत नाही. गाणं आवडलं तर टिप नीट, मानाने द्या.

त्या बाईबद्दल मला आग्रहाने सांगायचंय. ती कामावर आहे. हसून बोलणं हा तिच्या कामाचा भाग आहे, होकार नव्हे. खरं नाव, गाव, घरी कोण असतं, हे विचारू नका. पुष्कळजणींच्या घरी हे काम माहीत नसतं. म्हणूनच मोबाइल खिशात ठेवा. तुमची दहा सेकंदांची क्लिप तिच्या गावात पोचली तर तिचं घर मोडू शकतं. हात धरणं, ओढणं याला नव्या न्याय संहितेच्या कलम ७४ खाली किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. बार सुटल्यावर मागे जाणं, नको म्हटल्यावरही फोन करत राहणं हा पाठलागाचा वेगळा गुन्हा. २००५ च्या बंदीने या धंद्यातल्या हजारो बायकांची रोजी एका झटक्यात गेली, आणि पुष्कळजणी त्याहून वाईट कामात ढकलल्या गेल्या. पोटासाठी उभ्या असलेल्या माणसाशी जसं वागायचं, तसंच इथे वागायचं.

नंतर ‘अडचण आहे, पैसे पाठवा’ असे फोन आले, किंवा फोटो दाखवून कोणी धमकावलं, तर एक रुपयाही न देता १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. एकदा दिले की मागणी थांबत नाही.

धाड पडली तर पळू नका, खरं नाव-पत्ता सांगा, पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. नुसतं हजर असणं हा गुन्हा होत नाही, असं म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने गिऱ्हाइकांवरचे गुन्हे रद्द केलेले आहेत. अर्थात तोवरच्या खेपा चुकत नाहीत.

आणि त्याच रात्री गाडी काढून नाशिकला निघू नका. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि पुढे कसारा घाट आहे. लॉज संध्याकाळीच ठरवून ठेवा, आधार कार्ड जवळ ठेवा, सकाळी चहा घेऊन निघा.