आमची वाटचाल : खरखरीच्या बटणापासून

लातूरच्या गंजगोलाईपासून पायी दहा मिनिटांवर आमचं दुकान. पाटीवर 'वायरलेस सेट विक्री व दुरुस्ती' असं लिहिलंय, पण गल्लीत आम्ही अजून 'टेपवाले'च. दुकान दाजींनी काढलं, टेप आणि टीव्हीच्या दुरुस्तीचं. मी त्यांच्या हाताखाली सोल्डरिंग शिकलो. पुढं सीडी आली, मग मोबाइल आला आणि टेपचं हेड बदलायला कुणी येईना. त्या पडत्या दिवसांत एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागाचा माणूस जीपमधला सेट कापडात गुंडाळून घेऊन आला. "उघडता येतं का बघा," म्हणाला. दाजींनी आजवर 'येत नाही' हे वाक्य गिऱ्हाइकासमोर उच्चारलेलं नाही. दोन दिवस लागले. निघाला तो फक्त माईकच्या वायरचा तुटका धागा. पण कारखान्याला आमचं दुकान कळलं.

हातात मोबाइल असताना कारखान्याला वायरलेस कशाला, असं लोक विचारतात. गळीत हंगामात गव्हाण, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायची जागा, रिकामी पडायला लागली की 'अमुक गटातल्या गाड्या सोडा' हे एकदाच बोलायचं असतं आणि शेतावर ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयपासून शेतकी अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांनी एकाच वेळी ऐकायचं असतं. फोनवर तेच वीस वेळा सांगावं लागतं.

आमची पहिली मोठी चूक सांगतो, कारण धंदा खरा तिथून सुरू झाला. कारखान्याच्या कार्यालयातला सेट दिवसभर मधूनच 'खस्स' करायचा. तिथले कारकून वैतागलेले. मी गेलो, स्क्वेल्चचं, म्हणजे खरखर दाबायचं, बटण चांगलं अर्धा फेरा पुढं फिरवलं, सेट गप्प. चहा झाला, वाहवा झाली. त्याच आठवड्यात रात्री वीसेक किलोमीटरवर उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा एक्सल तुटला. जवळच्या जीपमधून ड्रायव्हर अर्धा तास हाका मारत होता. कार्यालयातला सेट चालू, हिरवा दिवा लागलेला, ड्यूटीवरचा माणूस जागा, आणि आवाज शून्य. सकाळी तो ड्रायव्हर दुकानात येऊन म्हणाला, "मालक, तुमी सेट दुरुस्त केलाव का मुका केलाव?"

त्याचं बरोबर होतं. स्क्वेल्च आवाज साफ करत नाही. तो दारावरचा राखणदार आहे. येणारा सिग्नल ठरावीक जोराचा असेल तर स्पीकर उघडायचा, नाहीतर बंद ठेवायचा, एवढंच त्याचं काम. तुम्ही त्याला जास्त कडक केलं की तो खरखरीबरोबर लांबून दमून आलेल्या माणसालाही दारातूनच परत पाठवतो. आणि संकटातला माणूस बहुधा लांबच असतो.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. कुणी बोलत नाही असा चॅनल लावायचा. गाडी चालू, हेडलाइट, पंखा, वायपर, सगळं चालू. बटण पूर्ण मागं घेऊन खरखर उघडायची, मग हळूहळू पुढं आणायचं, खरखर जिथं थांबेल त्याच्या केसभर पुढं थांबायचं. बंद गाडीत, दुकानासमोर उभं राहून लावलेला स्क्वेल्च रस्त्याला लागला की उघडतोच, कारण इंजिनाचा गोंगाट तेव्हा मोजलेलाच नसतो. नव्या सेटांना बटणच नाही. कॉम्प्युटरला जोडून आकड्यात पातळी भरावी लागते. मला ते आवडत नाही. ड्रायव्हरच्या बोटाला जे कळतं ते पडद्यावरच्या आकड्याला कळत नाही. दाजी याला म्हातारपण म्हणतात.

आपल्याच चॅनलवर दुसऱ्या कुणाची बडबड येत असेल तर स्क्वेल्च आवळण्यापेक्षा टोन लावावा. माणसाच्या बोलण्याखाली एक बारीक घूं असते, ६७.० ते २५४.१ हर्ट्झमधली, ती जुळली तरच स्पीकर उघडतो. मात्र टोन फक्त ऐकणं टाळतो, मधला अडथळा टाळत नाही. एकदा पंधरा सेटांना टोन भरला आणि सोळाव्याला विसरलो. तो बिचारा तीन दिवस बोलत होता. बाकीचे त्याला सुट्टीवर समजत होते.

आता अँटेना. गिऱ्हाईक वॅट विचारतं. २५ वॅटचा सेट घेऊ की ४५चा? मी विचारतो, गाडीचं छत कशाचं आहे? लोकांना वाटतं मी विषय बदलतोय.

गाडीवरची दांडी ही अर्धीच अँटेना असते. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा. १५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २ मीटर, म्हणजे पावपट दांडी ५० सेंटिमीटर, आणि प्रत्यक्षात त्याहून जरा कमी. आमच्या भिंतीवर खडूनं लिहिलंय : ७१२५ ला मेगाहर्ट्झनं भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये. १५० ला साडेसत्तेचाळीस. या दांडीभोवती सगळ्या बाजूंनी तेवढाच पत्रा मिळाला तर उत्तम. म्हणून बोलेरोच्या छताचा मध्य ही जगातली सगळ्यात चांगली जागा, आणि तिथं भोक पाडू द्यायला कुठलाही मालक तयार नसतो. मग मॅग्नेट, म्हणजे बुडाशी लोहचुंबक असलेली दांडी. मॅग्नेट ठीक आहे, फक्त त्याखालची छतावरची धूळ आधी पुसा. उन्हाळ्यात फुफाट्याचा थर बसतो आणि एका गतिरोधकाला दांडी रस्त्यावर.

ताडपत्रीच्या जीपला पत्रा फक्त बॉनेटचा. तिथं फेंडरवर पट्टी मारून लावतो आणि बॉनेटपासून बॉडीपर्यंत विणलेली तांब्याची पट्टी जोडतो. फायबरच्या छताच्या रुग्णवाहिकेवर मॅग्नेट चिकटतच नाही. एकीला आम्ही छताच्या आतून मीटरभर चौरस पत्र्याचा तुकडा बसवला, दांडी त्याच्या मधोमध. आधीच्या फिटरनं नुसती फायबरवर कसली होती. मीटर लावलं तर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून ताकद किती माघारी येते त्याचा आकडा, ३ च्या वर. ३ म्हणजे निघालेल्या ताकदीतला चौथा हिस्सा अँटेनाकडून माघारी. दीडच्या खाली आला की मी समाधानी.

मोजमाप करताना गाडी दुकानासमोर ठेवायची नाही. पत्र्याचं शेड, शटर, विजेचा खांब, सगळे आकड्यात तोंड घालतात. मोकळ्या मैदानात, दारं लावून, माणसं बाजूला करून, कमी ताकदीवर. चॅनलांच्या खालच्या टोकाला आकडा चांगला आणि वरच्या टोकाला वाईट असेल तर दांडी लांब आहे, कापा. उलटं असेल तर तुम्ही आधीच जास्त कापलीय.

लांब दांडीचा मोह सगळ्यांना होतो. तरंगलांबीच्या पाच-अष्टमांश म्हणजे १५० ला सव्वा मीटर. सपाट शिवारात ती खरंच लांब पोचते, कारण ताकद जमिनीलगत जास्त पसरते. पण बालाघाटाच्या उतारांत, खोल नाल्यांत पावपट दांडी बरेचदा तिच्या बरोबरीनं चालते. शिवाय सव्वा मीटरची काठी बाभळीच्या फांदीला रोज अडकते, उसाच्या मोळ्या भरताना वाकते. आम्ही बसवलेल्या पहिल्या आठपैकी पाच काठ्या एका हंगामात मोडल्या. बिल आम्हीच सोसलं.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या काळात कारखान्याचे टँकर दिवसरात्र फिरत होते. त्यांतल्या एकाची तक्रार : समोरून कुणी बोललं की स्पष्ट, मागून बोललं की तुटतं. अँटेना केबिनच्या छतावर, आणि मागं त्याहून उंच लोखंडी टाकी. आडोसा! दांडी टाकीच्या वर, पुढच्या टोकाला नेली. केबल आठ मीटर झाली. आरजी-५८ जातीच्या त्या केबलमध्ये २५ वॅटपैकी सतराच्या आसपास वर पोचतात, तरी मागचा आवाज आला. तिथं मात्र सव्वा मीटरची काठी लावायला मी साफ नकार दिला. टाकीची उंची आणि वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा, हा हिशेब वॅटचा नाही.

मधल्या काळात खरखरीच्या तक्रारींचं कारणही बदललं. पूर्वी पेट्रोल जीपच्या स्पार्कची टकटक असायची, डिझेल गाडीत अल्टरनेटरची शीळ. सेटची वायर थेट बॅटरीवरून, दोन्ही बाजूंना फ्यूज देऊन घेतली की बरंचसं मिटायचं. गेल्या हंगामात एक ड्रायव्हर आला, "सेट नुसता खरखर करू लालाय मालक, नवा द्या." मी सेटला हातच लावला नाही. डॅशबोर्डवर लोंबकळणारा स्वस्तातला मोबाइल चार्जर सॉकेटातून उपसला. खरखर थांबली. परत घातला, सुरू. त्यानं तीनदा स्वतः करून बघितलं आणि मग चार्जरला जे म्हणाला ते इथं लिहिता येत नाही.

सेट आम्ही परवान्याचा कागद बघूनच देतो. फ्रिक्वेन्सी केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या कमी ताकदीच्या हातसेटांना परवाना लागत नाही, पण गाडीतल्या २५ वॅटच्या सेटला ती सवलत नाही. यापायी गिऱ्हाइकं गेली. एका कारखान्याकडं दोन हंगामांची बाकी अडकलीय, तीही लिहून ठेवतो, मिळाली तर खोडीन.

आता दाजींचा मुलगा दुकानात बसतो. प्रत्येक फिटिंगनंतर औसा रोडला गाडी काढतो, मी दुकानातल्या सेटवर. तो रस्त्यातली खूण सांगत जातो, मी 'ऐकतोय' म्हणत जातो, आणि जिथं माझा आवाज तुटतो ती जागा बिलावर लिहितो. परवा त्यानं पहिली दांडी स्वतः मोजून कापली. साडेसत्तेचाळीसच्या जागी एक्केचाळीस. "मामा, आता?" म्हणाला. मी काउंटरखालचा बिस्किटाचा डबा काढला. त्यात अशा आखूड दांड्या ठेवलेल्या असतात, यूएचएफ, म्हणजे साडेचारशे मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, सेटला सोळा सेंटिमीटरच्या आत लागते, तेव्हा कापायला. ती त्यात टाकली. डब्यातल्या निम्म्या माझ्याच आहेत.