रोज पर्समध्ये राहील असा कॅमेरा

माझा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण लेन्ससकट तो सव्वा किलोच्या घरात जातो. सकाळी डोंबिवलीला फास्ट लोकल पकडताना पर्समध्ये डबा, पाण्याची बाटली, छत्री असं सगळं आधीच असतं. त्यात कॅमेऱ्याची वेगळी बॅग खांद्यावर घेऊन डब्यात शिरणं अशक्यच. म्हणून तो बाहेर निघायचा लग्नाकार्याला आणि गणपतीत. मला मात्र फोटो हवे होते ते रोजच्या प्रवासातले. परतीच्या गाडीत चौथ्या सीटवर टेकून मटार सोलणाऱ्या बायका, दसऱ्याच्या सुमाराला तोरणं लावून सजवलेला डबा, फोर्टातल्या जुन्या इमारतींचे लाकडी जिने, संध्याकाळी सीएसएमटीच्या दगडावर पडणारं तिरपं ऊन. हे सगळं ऑफिसला जाता-येता दिसतं, म्हणजे कॅमेरा ऑफिसला जाता-येताच जवळ असायला हवा.

"फोन आहे की," असं जवळपास प्रत्येकानं सुचवलं. फोन मी वापरतेच. पण संध्याकाळच्या डब्यातला पिवळट, अर्धवट अंधार फोन स्वतःच्या मनाने उजळून टाकतो. सावल्या उचलतो, चेहरे गुळगुळीत करतो. मला तो अंधार तसाच हवा असतो. दुसरं म्हणजे फोन हातात घेतला की आधी मेसेज दिसतात, आणि तेवढ्यात समोरचं निघून गेलेलं असतं.

मग लहान कॅमेऱ्याचा शोध सुरू झाला. वजनाचे आकडे वाचून हाताला काही समजत नव्हतं. फुजीफिल्मचा एक्स१०० सिक्स ५२१ ग्रॅम, रिकोहचा जीआर थ्री २५७ ग्रॅम, सोनीचा आरएक्स१०० मार्क सेव्हन ३०२ ग्रॅम, सगळे बॅटरी आणि कार्ड धरून. कागदावर सगळेच हलके. म्हणून मी स्वयंपाकघरातलं अर्धा किलो रव्याचं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि काही दिवस तसंच ऑफिसला नेलं, नंतर पाव किलोचं. पाव किलो पर्समध्ये आहे हे खरोखर विसरायला होतं. अर्धा किलो मात्र पुलाचे जिने चढताना खांद्याला कळतो, आणि घरी पोहोचेपर्यंत पट्टा रुतायला लागतो.

रव्याच्या पाकिटाने जाडीचं काही कळत नाही, म्हणून फ्रीजच्या खोक्यातल्या थर्मोकोलचे ठोकळे कापले. एक्स१०० सिक्स १२८ मिमी रुंद, ७५ मिमी उंच आणि ५५ मिमी जाड आहे. त्या मापाचा ठोकळा डब्याशेजारी ठेवला की चेन लागेना. जीआर थ्रीचा १०९ बाय ६२ बाय ३३ मिमीचा ठोकळा मात्र पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, जिथे मी पास ठेवते, तिथे आरामात मावला. माझा निम्मा निर्णय तिथेच झाला. वजनावर सगळेच बोलतात, पण रोजच्या वापरात जाडी जास्त छळते असं माझं ठाम मत आहे. बाहेरच्या कप्प्यातला कॅमेरा हाताशी येतो. डब्याखाली गेलेला कॅमेरा घरी राहिल्यासारखाच.

मोह एक्स१०० सिक्सचा होता, हे सांगायलाच हवं. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर, एफ/२ ची, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारी लेन्स, ४० मेगापिक्सेल आणि सेटिंग बदलायच्या, हाताला सुखावणाऱ्या चकत्या. कुणाकडे पाठीवर बॅग घेऊन गाडी चालवायची सोय असेल तर त्यांनी तोच घ्यावा.

झूम हवा की नको, या प्रश्नाचं उत्तर माझ्याच जुन्या फोटोंनी दिलं. माझी लेन्स १८-१०५ मिमीची आहे. हीच फोकल लेंग्थ: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ. जे फोटो मी छापून घेतले होते, घरातल्या भिंतीवर लावले होते, त्यांची फोकल लेंग्थ कॉम्प्युटरवर एकेक करून पाहिली. बहुतेक १८ ते २४ च्या मध्येच. डीएसएलआरच्या एपीएस-सी सेन्सरवर (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारा भाग, एपीएस-सी हे त्याचं एक माप) १८ मिमी म्हणजे फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशेबात साधारण २७-२८ मिमी. जीआर थ्रीची लेन्स त्याच हिशेबात नेमकी २८ च्या जोडीची, म्हणजे तेवढंच रुंद दाखवणारी. म्हणजे इतकी वर्षं मी याच नजरेने बघत होते. कॅमेरा शोधणाऱ्या कुणालाही मी आधी हेच करायला सांगते. आपले आवडते फोटो काढून त्यांची माहिती बघा, दुकानात जायच्या आधी.

सोनीवर मी बराच विचार केला. २४ ते २०० मिमीचा झूम, म्हणजे स्टेशनवरच्या घड्याळापासून समोरच्या फलाटापर्यंत सगळं, शिवाय वर उघडणारा छोटा व्ह्यूफाइंडर. पण त्याचा एक इंची म्हणवला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिमीचा, क्षेत्रफळ सुमारे ११६ चौरस मिमी. एपीएस-सीचं सुमारे ३६५. अंधाऱ्या डब्यात हा फरक दिसतो. शिवाय त्याची जाडी ४३ मिमी. २०१३ चा पॅनासॉनिक जीएम१ सुद्धा मनात होता, २०४ ग्रॅमची देखणी बॉडी. पण लेन्स लावली की तो पर्सच्या कप्प्यातून बाहेर डोकावणार, आणि इतक्या जुन्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या शोधत बसायची माझी तयारी नव्हती.

एक मैत्रीण म्हणाली, "होमाई व्यारावाला साडी नेसून सायकलवर स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा न्यायच्या, आणि तुला अर्धा किलो जड?" भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार व्यारावालाबाई ज्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, ते माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण त्या फोटो काढायलाच निघायच्या. मी ऑफिसला निघते आणि वाटेत फोटो काढते. दोघींची गरज वेगळी.

मग बोरा बाजार. सीएसएमटीसमोरच्या त्या गल्लीत कॅमेऱ्यांची दुकानं एकमेकांना चिकटून आहेत, आणि जेवणाच्या सुट्टीत मी तिथे बऱ्याच फेऱ्या मारल्या. जीआर थ्री हातात घेतल्यावर दुकानातले काका काळजीनेच म्हणाले, "मॅडम, यात झूम नाही, फ्लॅश नाही, डोळ्याला लावायला काही नाही. नंतर परत आणाल." मी डावा हात वर करून गाडीतली कडी धरल्यासारखी उभी राहिले आणि फक्त उजव्या हाताने कॅमेरा चालू केला. बटण तर्जनीखाली येतं, लेन्स बाहेर येऊन तो ०.८ सेकंदात तयार होतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, कमी-जास्त करायची पट्टी अंगठ्याखाली. दुसऱ्या हाताची गरजच लागली नाही. काकांनाही ते पाहून पटलं. ते म्हणाले, "हां, असं वापरणार असाल तर घ्या."

नवा बजेटच्या बाहेर होता, म्हणून सेकंडहँड बघितले. इथे घाई करू नये. लेन्स उघडी ठेवून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारायचा. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात, आणि मुंबईच्या हवेत ती असण्याची शक्यता बरीच. मग एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून तो मोठा करून बघायचा. एका कॅमेऱ्यात भिंतीच्या फोटोत तीन करडे ठिपके निघाले, म्हणजे सेन्सरवर धूळ. लेन्स न काढता येणाऱ्या कॅमेऱ्यात ती घरी पुसता येत नाही, अख्खा कॅमेरा खोलावा लागतो. तो मी ठेवून दिला. लेन्स आत-बाहेर होताना करकर आवाज येतो का, बॅटरी फुगली आहे का, खोक्यावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळतो का, हेही बघायचं. एका दुकानात बिलाशिवाय स्वस्तात मिळत होता, पण दुरुस्तीच्या वेळी बिल लागतं, म्हणून थोडे जास्त देऊन बिलासकट घेतला.

आता वापराबद्दल. या कॅमेऱ्याची खरी ताकद स्नॅप फोकसमध्ये आहे. फोकस २ मीटरवर पक्का करून ठेवायचा, एफ/८, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. मग साधारण एक मीटरपासून थेट फलाटाच्या पलीकडच्या बाजूपर्यंत बरंचसं स्पष्ट येतं. बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. समोरच्या बाईने शेंग फोडली, दाणे ओटीत पडले, तो क्षण मिळतो. अंधार वाढला की एफ/२.८ वर येऊन नेहमीचा ऑटोफोकस, कारण तेव्हा २ मीटरचा अंदाज पुरत नाही.

बॅटरी हा मोठा तोटा. एका चार्जमध्ये कंपनीच्याच आकड्याप्रमाणे सुमारे २०० फोटो, म्हणून एक जादा बॅटरी पासच्या कप्प्यात असते. यूएसबी-सीने पॉवर बँकेवरही चार्ज होतो. पाऊस हा दुसरा. या कॅमेऱ्याला पाण्यापासून संरक्षण नाही. जूनपासून तो झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवला आहे, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघते. पुड्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा निळ्या करते. धो धो पावसात कॅमेरा बाहेर काढतच नाही.

फोटो काढायच्या आधी मी विचारते. महिलांच्या डब्यात तर विचारल्याशिवाय काढूच नये, असं मला वाटतं. "मावशी, तुमचा एक फोटो काढू?" एवढ्या लहान कॅमेऱ्याला कुणी बिचकत नाही. एका मावशींनी विचारलं, "रोलचा आहे का गं हा? आमच्या लग्नात असाच होता." त्यांचा मटार सोलतानाचा फोटो ४ बाय ६ मध्ये छापून नेऊन दिला, तर पुढच्या वेळी त्यांनी सुनेला दाखवायला अजून एक प्रत मागितली. तेव्हापासून महिनाअखेरीला प्रिंट काढून वाटणं ठरूनच गेलं आहे.

गणपतीच्या विसर्जनाला मी अजूनही डीएसएलआरच नेते, कारण गर्दीच्या कडेला उभं राहून लांबचा चेहरा २८ मिमीत येत नाही. आणि ज्यांना मुख्यतः चेहरेच काढायचे असतील त्यांनी जीआर थ्री एक्स हातात घेऊन बघावा. तो २०२१ मध्ये आला, लेन्स ४० मिमीच्या जोडीची आणि वजन २६२ ग्रॅम, म्हणजे रव्याचा हिशेब तोच राहतो.