मोठा पण स्वच्छ

शनिवार, रात्री उशिरा

स्पीकरचं बहुतेक ठरलं. जमिनीवर उभे राहणारे, आठ इंची दोन-दोन वूफरवाले (वूफर म्हणजे जाड, खालचे सूर काढणारा भाग).

नवी पेठेतल्या दुकानात त्यांच्या शेजारीच एक छोटी जोडी होती, दिसायला देखणी. बेताच्या आवाजात तर तीच सरस वाटत होती, ड्रमच्या झांजा अगदी लखलखीत. पण मी बेताच्या आवाजात ऐकणारा माणूस नाही. हेवी मेटल संगीत मला छातीवर आदळलेलं लागतं. दुकानदारांना आवाज वाढवायला सांगितला आणि मघाशी आवडलेला चकचकीतपणा कानाला टोचायला लागला. डिस्टॉर्शन लावलेल्या, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या गिटारचा जीव साधारण 80 हर्ट्झपासून (सेकंदाला 80 कंपनं) 5 हजारांपर्यंत असतो. त्यातल्या 2 ते 4 हजारांच्या पट्ट्यात माणसाचा कान सर्वात तीक्ष्ण. तिथे स्पीकरने जरा जोर लावला की दोन गाण्यांत डोकं उठतं. म्हणून ज्या आवाजात घरी ऐकणार, त्याच आवाजात दुकानात ऐकायचं. दुकानदार कितीही वळून बघोत.

विकताना सगळे वॅट सांगतात. वॅट म्हणजे स्पीकर किती खाऊ शकतो. तो किती देतो ते सेन्सिटिव्हिटीवरून कळतं: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. छोट्यांची 85, उभ्यांची 92. सातचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण दर 3 डेसिबलला अँपची (स्पीकरला वीज पुरवणाऱ्या अँप्लिफायरची) ताकद दुप्पट लागते. छोट्यांना जिथे 100 वॅट लागतील तिथे उभ्यांचं 20 वॅटमध्ये भागतं. माझा अँप चॅनेलला 50 वॅटचा. छोट्यांवर तो ड्रमच्या दणक्याला कमी पडणार, लहरींची टोकं छाटली जाणार, आणि हे क्लिपिंग फार वेळ चाललं तर ट्विटर, म्हणजे बारीक सूर काढणारा भाग, जळतो. नवा अँप घेण्यापेक्षा जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर घेणं मला पटतं.

संध्याकाळी अण्णांशी यावर बोललो. त्यांची उभी हयात यंत्रमागावर गेली. कारखान्यात शेजारच्याचं बोलणं ओठ बघूनच समजायचं, असं ते सांगतात. आता त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत, दाराची बेलसुद्धा. त्यांना मेटलचा गिटारवादक टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात वयाच्या सतराव्या वर्षी यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. बोटांना टोप्या बसवून, हलक्या तारा लावून तो वाजवत राहिला आणि 1968 मध्ये त्याचा ब्लॅक सॅबथ हा बँड उभा राहिला. पुढे 1971 च्या अल्बममध्ये त्याने तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. अण्णा बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, “कामगाराचंच पोर म्हण की. घे तू स्पीकर. पण कानाला जप बाबा.”

त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलंय, कारण खरा धोका चांगल्या स्पीकरमध्येच असतो. वाईट स्पीकर आवाज फाटून आपल्याला थांबवतो. स्वच्छ स्पीकरवर 100 डेसिबलही सुसह्य वाटतात, आणि हात पुन्हा नॉबकडे जातो. कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस दिवसाला 85 डेसिबलला आठ तासांची आहे, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 94 ला एक तास, 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. आवाज मोजायचं मीटर जवळ ठेवूनच ऐकायचं.

खोलीचं काम मात्र डोकं खाणारं आहे. दहा बाय बारा, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. बारा फुटांच्या लांबीत 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, दहा फुटांत 56 च्या. बेस गिटारची जाड तार 41 ची, किक ड्रमचा दणकाही याच भागातला. सगळी गर्दी एकाच ठिकाणी! भिंतीवर सोलापुरी चादरी टांग, असं मित्र सुचवतो. दुहेरी करून, भिंतीपासून थोडं अंतर सोडून टांगल्या तर फरशीची किणकिण नक्की कमी होईल, पण बेसला चादर दाद देत नाही. त्याला जाडी लागते. माळ्यावरच्या जुन्या कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या करणार आहे. त्याने गुणगुण थोडीतरी आटोक्यात यावी. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे, आणि तरीही घुमलंच तर स्पीकरच्या मागच्या भोकात (पोर्टमध्ये) फोमचा बोळा.

शेजारच्या काकू दुपारी झोपतात. म्हणून संध्याकाळी सहा ते सात हाच तास.

सोमवारी दुकानदारांना फोन करायचा. दोन दिवस घरी लावून बघू दिलं तर आगाऊ रक्कम लगेच देतो. नाही म्हणाले तर थोडं थांबेन, पण या खोलीत ऐकल्याशिवाय पैसे मोजणार नाही.