खिशातला मोठा सेन्सर: आधी फोकल लेंथ ठरवा

जुन्या बेळगावातल्या एखाद्या बोळात भिंतीला पाठ लावून समोरचं दार, उंबरा आणि वरची लाकडी खिडकी एका चौकटीत घ्यायची असेल, तर मधे फार तर तीन मीटर जागा मिळते. तेवढ्या अंतरावरून २८ मिमीची लेन्स आडवी साधारण ३.८५ मीटर रुंदी घेते, ३५ मिमीची ३.१ मीटर आणि ४० मिमीची २.७ मीटर. (हे मिमी म्हणजे लेन्सची फोकल लेंथ: आकडा लहान, तर चौकटीत जास्त भाग मावतो. इथले आकडे फुल-फ्रेमच्या, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरच्या हिशेबातले आहेत. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग.) मोठ्या सेन्सरचा, पण लेन्स बदलता न येणारा छोटा कॅमेरा घेतलात की हा फरक कॅमेरा विकेपर्यंत तुमच्याबरोबर राहतो. म्हणून मेगापिक्सेल, फिल्मसारखे रंग, कंपनीचं नाव हे सगळं नंतर. आधी फोकल लेंथ.

ती ठरवायची कशी? एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरचा एसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, आणि त्याची १८-५५ झूम घरात पडून असेल तर झूमची रिंग १८ वर टेपने चिकटवा आणि आठवडाभर तेवढ्यावरच फोटो काढा. मग २३ वर, मग २६ वर. फुल-फ्रेमच्या हिशेबात हे अनुक्रमे २८, ३५ आणि ४० च्या जवळ जातात. झूम नसेल तर फोनमधले तुम्हाला खरोखर आवडलेले फोटो उघडून त्यांची माहिती बघा. फोनची मुख्य लेन्स २४ ते २६ मिमीची असते, २एक्स दाबलं की ५० च्या आसपास. बहुतेक फोटो १एक्सवर, पुढे सरकून काढलेले असतील तर तुम्ही २८ चे. सारखं २एक्स दाबत असाल तर २८ तुम्हाला रिकामं वाटेल, ४० कडे वळा.

माझं मत सांगतो. मिरवणूक, मंडप, बाजार यांना २८. शहापूर-वडगावच्या मागावर बसलेला विणकर, घरातली माणसं, चेहरे यांना ४०. २८ ने चेहरा चौकटभर घ्यायला फार जवळ जावं लागतं आणि मग पुढे आलेला हात डोक्यापेक्षा मोठा दिसतो. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. तेच ४० ने दीड मीटरवरून काढलं की हात, धोटा आणि चेहरा आपापल्या मापात बसतात.

आता ‘मोठा सेन्सर’ म्हणजे नक्की काय मिळतं, ते बघू. इथे जाहिराती बरंच झाकून ठेवतात. एपीएस-सी सेन्सर २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे सुमारे ३६६ चौरस मिमी. चांगल्या फोनचा १/१.३ इंची सेन्सर सुमारे ७० चौरस मिमी. पाचपट! पण फोनची लेन्स एफ/१.८ ची असते आणि २८ मिमीच्या रिको जीआर थ्रीची एफ/२.८ ची. (एफ-आकडा हे लेन्सच्या छिद्राचं, म्हणजे अॅपर्चरचं माप: आकडा लहान, तर छिद्र मोठं.) एकाच शटर स्पीडला सेन्सरवर एकूण किती प्रकाश पडतो हे बघायचं तर क्षेत्रफळाला एफ-आकड्याच्या वर्गाने भागायचं. फोन २२, जीआर थ्री ४७. म्हणजे दुप्पट, फोटोग्राफीच्या भाषेत फक्त एक स्टॉप. सोनी आरएक्स१०० मार्क ५ चा एक इंची सेन्सर त्याच्या एफ/१.८ मुळे ३६ वर येतो, जीआरच्या फार मागे नाही. ३५ मिमीच्या फुजीफिल्म एक्स१००व्हीआयची लेन्स एफ/२, म्हणून ९२. फुल-फ्रेम सोनी आरएक्स१आर मार्क २, तोही एफ/२, म्हणून २१६. मोठ्या सेन्सरच्या या छोट्या कॅमेऱ्यांची सुरुवात २००८ मध्ये सिग्मा डीपी१ ने केली. त्याचा सेन्सर फोनच्या चौपट होता, पण लेन्स एफ/४ असल्यामुळे हिशेब १८ वर थांबतो, आजच्या फोनच्याही खाली. नुसता सेन्सर बघून पैसे देऊ नका.

मग एका स्टॉपसाठी जीआर का घ्यावा? फोन अंधारात पाच-दहा फ्रेम एकावर एक रचतो. स्थिर देवळाला ते चालतं, पण लेझीम खेळणाऱ्या पोरांचे हात विरघळतात. कॅमेरा एकच फ्रेम घेतो. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रस्त्यावरच्या चांगल्या रोषणाईत एफ/२.८, शटर १/२५० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० वर काम भागतं. त्यातला रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) नीट साफ केला तर १२ × १८ इंचांचा प्रिंट सुखाने निघतो.

जीआर थ्रीचा ऑटोफोकस अंधारात चाचपडतो, हे खरं आहे. त्यावरचा उपाय स्नॅप फोकस. मेनूत ‘फुल प्रेस स्नॅप’ चालू करा आणि अंतर २.५ मीटर ठेवा. अॅपर्चर एफ/८, आयएसओ ऑटो, कमाल ३२००, किमान शटर १/२५०. बटण अर्धं दाबलं तर नेहमीचा ऑटोफोकस चालतो, एका दमात पूर्ण दाबलं तर कॅमेरा फोकस न शोधता २.५ मीटर धरतो. एफ/८ वर १.१५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. रात्री एफ/२.८ वर आलात की हीच पट्टी १.७५ ते ४.३ मीटर एवढी उरते. तेव्हा माणसाचं अंतर डोळ्यांनी मोजायची सवय हवी. ४० मिमीच्या जीआर थ्रीएक्सवर एफ/८ लाही साधारण १.६ ते ६ मीटरच मिळतात. गर्दीत न बघता फोटो काढायचे असतील तर २८ घेण्याचं हे दुसरं कारण.

या कॅमेऱ्यांचं शटर लेन्सच्या आत असतं, पाकळ्यांचं. आवाज जवळजवळ नाही, त्यामुळे कीर्तनात, सप्ताहात कोणाचं लक्ष विचलित होत नाही. मोठा फायदा मात्र फ्लॅशचा. एप्रिलच्या दुपारी फेट्याखाली चेहरा काळा पडतो. एसएलआरमध्ये फ्लॅश १/२०० च्या आसपासच्या शटर स्पीडवर अडतो, म्हणून अॅपर्चर एफ/१३ पर्यंत बंद करावं लागतं आणि छोटा फ्लॅश तिथे दमतो. इथे १/१००० आणि एफ/५.६ ठेवता येतं. उन्हाचं एक्स्पोजर तेच, पण फ्लॅशचा पाचपट प्रकाश आत येतो. एक्स१००व्हीआयमध्ये फ्लॅश अंगचाच आहे, जीआर थ्रीला वर बसवावा लागतो. जीआरला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकीही नाही. कडक उन्हात मागचा पडदा दिसत नाही, तेव्हा एक्स१०० ची खिडकी फार मोलाची वाटते. त्याची किंमत म्हणजे आकार: जीआर थ्री २५७ ग्रॅम आणि ३३ मिमी जाड, एक्स१००व्हीआय ५२१ ग्रॅम आणि ५५ मिमी. पहिला शर्टाच्या खिशात जातो, दुसरा नाही. बॅटरीतही जीआर कमी पडतो. एका चार्जमध्ये सुमारे २०० फोटो, म्हणून यात्रेला निघताना दोन जादा बॅटऱ्या हव्यातच.

सगळ्यात काळजीची गोष्ट धूळ, आणि आपल्या भागात ती जास्तच. खानापूरकडची तांबडी माती, निपाणीत तंबाखूची पूड, चिंचलीच्या मायाक्काला किंवा मंगसुळीच्या खंडोबाला उधळलेला भंडारा. जीआरची लेन्स चालू करताना बाहेर येते आणि बंद करताना आत जाते, लोहाराच्या भात्यासारखी हवा ओढत. नळीवर बसलेला भंडारा बंद करताना आत जातो, हळूहळू सेन्सरवर पोचतो. लेन्स निघत नसल्याने तो हाताने साफ करता येत नाही, चिकटून बसला तर कॅमेरा उघडावाच लागतो. म्हणून यात्रेत शिरण्याआधी ‘ऑटो पॉवर ऑफ’ बंद करा, नाहीतर तुम्ही भंडाऱ्यात उभे असताना कॅमेरा आपणहून लेन्स आत ओढेल. बाहेर आल्यावर लेन्स जमिनीकडे करा, रबरी ब्लोअरने नळीभोवती हवा मारा, कोरड्या मऊ ब्रशने पुसा आणि मगच बंद करा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा कण भंडाऱ्यात मिसळला की चिकटतो. खिशात ठेवताना छोटी पिशवी वापरा, कारण खिशातल्या कापसाच्या धाग्यांनीही तेच होतं. एक्स१०० ची लेन्स अशी आत-बाहेर होत नाही. तिला अडॅप्टर रिंग आणि ४९ मिमीचा फिल्टर लावला की पाऊस-धुळीपासून बरंच संरक्षण मिळतं. जांबोटी-चोर्ला रस्त्यावर पावसाळ्यात फिरणाऱ्याने ही रिंग आणि फिल्टर कॅमेरा घेतानाच घ्यावेत.

पावसाळ्यात बुरशीही येते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा कधीही पुरू नका, तांदळाचं पीठ भंडाऱ्याइतकंच बारीक असतं.

वापरलेला कॅमेरा घेताना एफ/१६ लावून, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या आभाळाचा फोटो काढा आणि तिथेच कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. करडे गोल डाग दिसले तर ती आतली धूळ. एफ/४ वर ते दिसत नाहीत, म्हणून विकणारा नेमका उघड्या अॅपर्चरचा फोटो दाखवतो. दहा वेळा चालू-बंद करून लेन्सचा आवाज एकसारखा येतो का ऐका. मग बॅटरीची झाकणी उघडून तिथल्या संपर्कपट्ट्या बघा. त्यांवर हिरवट थर असेल तर कॅमेऱ्याला ओल लागलेली असणार, किंमत कितीही उतरवली तरी सोडून द्या.