पाडव्याच्या रात्री रोटर निसटला

डिझेल जनरेटरवर हात बसलेला माणूस ग्रीडवर आला की एक सवय सोबत घेऊन येतो: व्होल्टेज वाढलं की एक्सायटेशन (फिरत्या रोटरला चुंबक बनवणारा करंट, म्हणजेच फील्ड) उतरवायचं. माझी ती सवय साखर कारखान्याच्या कोजनमध्ये, म्हणजे वाफेवरच्या वीजघरात, दिवाळी पाडव्याच्या रात्री मोडली.

मशीन १५ मेगावॉटचं, ११ केव्ही, चार पोल, १५०० आरपीएम. गाळप नुकतंच सुरू झालं होतं. संध्याकाळी पीटीचा (व्होल्टेज मोजायच्या ट्रान्सफॉर्मरचा) एक फ्यूज गेला आणि एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारं यंत्र) ऑटोवरून मॅन्युअलवर आला. ‘सकाळी बघू’ असं लॉगबुकात मीच लिहिलं.

रात्री अडीचला बसचं (मशीन आणि ग्रीड जिथे जोडतात त्या पट्ट्यांचं) व्होल्टेज ११.६ केव्ही. सणामुळे आसपासचं सगळं बंद, लाइनवर भारच नाही. मी एक्सायटेशन उतरवायचं लोअरचं बटण दाबलं. ११.५ झालं. आणखी दाबलं, ११.४. पॉवर फॅक्टर लीडला गेला, म्हणजे मशीन ग्रीडकडून मेगावार (काम न करता नुसती ये-जा करणारी वीज) ओढू लागलं. मेगावॉट बारावरच, पण स्टेटरचे (मशीनच्या स्थिर भागाचे) अँपिअर चढत चालले. हे विचित्र वाटलं, तरी बोट बटणावरच. मेगावार उणे चार, उणे सहा, उणे आठ.

"साहेब, कुणाचं व्होल्टेज कमी करताय? ग्रीडचं?" पॅनेलवरचे अण्णा खुर्चीतून उठत म्हणाले.

उत्तर द्यायच्या आत काटे झुलायला लागले. अँपिअर, मेगावॉट, सगळेच. टर्बाइन हॉलमधली एकसुरी घुमघुम तुटली आणि एखादं जड जनावर कण्हावं तसा आवाज थांबून थांबून येऊ लागला. मग फील्ड फेल्युअर रिले (फील्ड फार कमी पडलं की मशीन सोडवणारं संरक्षण) आला, ब्रेकर उघडला, टर्बाइन ट्रिप. ग्रीड असल्यानं दिवे गेले नाहीत, पण प्रोसेसची एक्झॉस्ट वाफ बंद झाली आणि गव्हाण (ऊस टाकायची जागा) थांबली.

अण्णांनी समजावलं ते ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून. वाफ म्हणजे ट्रॅक्टरची ओढ, फील्ड म्हणजे मधला दोर. "वढ तेवढीच ठिवून दोर पातळ केलासा, मग काय हुनार?" मी त्यात एवढीच भर घालीन की हा दोर रबराचा आहे. फील्ड कमी केलं तरी टर्बाइन तेवढाच मेगावॉट ढकलत असतो; तो पोचवायला रोटर स्टेटरच्या फिरत्या क्षेत्राच्या आणखी पुढे झुकतो. कोन ९० अंशांच्या आसपास गेला की ताण वाढायचा थांबतो आणि रोटर निसटतो. ऑटोत असतो तर अंडर-एक्सायटेशन लिमिटरनं मला आधीच अडवलं असतं. मॅन्युअलमध्ये तो नव्हता.

व्होल्टेजचं म्हणाल तर आमची बस जराशी हलली, पण एवढ्याशा मशीननं ग्रीड काय हलणार! ते बटण तिथे मेगावारचं असतं: फील्ड जास्त तर मशीन मेगावार देतं, कमी तर ग्रीडकडून ओढतं. सिंक्रोनस मोटरलाही हेच लागू, फक्त नावं उलटतात. जास्त फील्डची मोटर लीडिंग करंट घेते, म्हणजे मेगावार देते. परीक्षेत मी नेमका तिथेच गोंधळायचो.

पहाटे रोटर तपासला. रोटर घसरतो तेव्हा डॅम्पर बारमध्ये (रोटरवरच्या धातूच्या दांड्यांमध्ये) करंट फिरून ते तापतात, त्याची धास्ती होती. शाबूत निघाले. सिंक्रोस्कोपचा (मशीन आणि ग्रीडची लय जुळली का ते दाखवणाऱ्या मीटरचा) काटा बारावर येताना अण्णांनी ब्रेकर घेतला, फील्ड वाढवून पॉवर फॅक्टर ०.९५ लॅगला आणला आणि माझ्याकडे न बघता चहा मागवला.

पीटीचा फ्यूज त्याआधीच बदलला होता. स्टोअरमध्ये तो आदल्या संध्याकाळीही होता.