पनामा की मुंबई? जगप्रदक्षिणेतला आमचा टप्पा

ताईला मुंबईत संपणारा टप्पा हवा होता. तिचं म्हणणं अगदी सरळ. सिंगापूरपर्यंत विमानाने जायचं, तिथे जहाजात बसायचं, कोलंबो, कोची करत बॅलार्ड पियरला उतरायचं आणि टॅक्सी करून ठाण्याला घरी. परतीचं विमान नाही, बॅगेच्या वजनाची कटकट नाही, आल्यावर चार दिवस रात्री टक्क जागं राहणं नाही. मला पनामा हवा होता. या एका मुद्द्यावर आम्ही दोघी बहिणींनी पावसाळाभर वाद घातला.

जगप्रदक्षिणेचं जहाज साधारण जानेवारीत इंग्लंड किंवा फ्लोरिडाहून सुटतं आणि एप्रिल-मेमध्ये परत येतं. क्यूनार्ड कंपनीच्या ‘लॅकोनिया’ने 1922 साली न्यूयॉर्कहून निघून प्रवाशांना अशी फेरी घडवली, तेव्हापासून हा शौक चालू आहे. शंभर-सव्वाशे दिवस आणि तेवढे पैसे सगळ्यांकडे नसतात, म्हणून हीच फेरी टप्प्याटप्प्याने विकली जाते. फक्त एसटीसारखं टप्प्यांची बेरीज म्हणजे पूर्ण भाडं असं गणित इथे नसतं. पूर्ण फेरीवाल्यांना दिवसाचा दर बहुतेक वेळा स्वस्त पडतो, शिवाय टिप्स, धुलाई अशा गोष्टी कित्येकदा भाड्यातच येतात. टप्पेवाल्यांना हे सगळं वेगळं मोजावं लागतं. आम्ही दोघी एका केबिनमध्ये राहणार होतो म्हणून बरं; एकट्या माणसाकडून पावणेदोनपट, दुप्पट भाडं घ्यायला या कंपन्या मागेपुढे पाहत नाहीत.

आमच्यासमोर चार टप्पे होते. फ्लोरिडा ते सॅन फ्रान्सिस्को, मध्ये पनामा कालवा. सॅन फ्रान्सिस्को ते सिडनी, मध्ये हवाई, सामोआ, न्यूझीलंड. सिडनी ते सिंगापूर. आणि सिंगापूरहून पुढचा, ताईचा लाडका.

त्या लाडक्या टप्प्याचा निकाल आमच्या वादाने नाही, तांबड्या समुद्राने लावला. 2023 च्या शेवटापासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तिथल्या जहाजांवर हल्ले सुरू केले आणि प्रवासी जहाजांनी सुएझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. सिंगापूरहून निघालेलं जहाज सुएझकडे जाणार असेल तर मुंबई त्याच्या वाटेवर येते. केप टाऊनकडे जायचं तर मॉरिशस वाटेवर येतं, मुंबई नाही. आमच्या जहाजाचं सुधारित वेळापत्रक आलं त्यात मुंबई नव्हती. ताईने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, “मग मॉरिशसला उतरून काय टॅक्सी करू?”

सिडनी-सिंगापूर मीच काढून टाकला. माझं एक मत आहे, पटो न पटो. बंदर पाहायला जहाज हे वाईट वाहन आहे. सकाळी आठला लागतं, संध्याकाळी पाचला सुटतं. बँकॉक म्हणून छापलेलं असतं आणि जहाज उभं असतं लाम चाबांगला; शहरात पोचायलाच बसने दोन तास जातात, यायला दोन. ही शहरं विमानाने जाऊन आठवडाभर राहून बघावीत. जहाजाने जायचं तर अशा ठिकाणी, जिथे जहाजातून जाणं हीच बघण्याची गोष्ट आहे. तशा जागा मोजक्याच: उघडा महासागर आणि कालवे.

उघडा महासागर म्हणजे दुसरा टप्पा. सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलू गाठायला साडेचार-पाच दिवस, तिथून सामोआ आणखी पाच दिवस. मध्ये काही म्हणजे काही नाही. मला ते आवडलं असतं, पण पासपोर्टला आवडलं नाही. भारतीय पासपोर्टवर टप्पा निवडायचा तर नकाशा नंतर उघडावा, आधी व्हिसाची पानं. आमचा भाचा कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहतो, त्यामुळे दोघींच्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता. ऑस्ट्रेलियाचा नव्हता. शिवाय “आम्ही फक्त हवाईपर्यंतच येतो” असंही म्हणता येत नाही. अमेरिकेचा 1886 चा एक कायदा आहे: परदेशी नोंदणीच्या जहाजाने प्रवाशाला एका अमेरिकन बंदरातून चढवून दुसऱ्या अमेरिकन बंदरात उतरवायचं, तर मध्ये एखादं ‘दूरचं’ परदेशी बंदर घ्यावंच लागतं. गंमत म्हणजे या हिशेबात पनामा किंवा मेक्सिको दूरचं नाही, दक्षिण अमेरिका मात्र दूरची. आमच्या टप्प्यात कोलंबियातलं कार्ताहेना का घातलं होतं, याचं एक उत्तर या जुन्या कायद्यात आहे.

पिवळ्या तापाचा विषय ताईने हातात घेतला. ती केईएममधून निवृत्त झालेली स्टाफ नर्स आहे, अशा बाबतीत घरात तिचा शब्द शेवटचा. कोलंबिया आणि पनामा या तापाच्या यादीत आहेत. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात पाऊल ठेवलं आणि लशीचं प्रमाणपत्र नसलं, तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात. साठीनंतर ही लस देताना डॉक्टर विचार करतात, आमच्याही डॉक्टरांनी केला. पण आमचा पनामानंतरचा समुद्रच आठवड्याहून जास्त, वर फ्रीमाँटचा मुक्काम, त्यामुळे सहा दिवसांचा प्रश्न आपोआप सुटला. कालव्याहून थेट घरी परतणाऱ्यांनी मात्र तिकिटाच्या आधी हे बघावं.

म्हणजे शेवटी पनामाच. ताई म्हणाली, “जिंकलीस तू. पण खिडकीची केबिन हवी.”

फोर्ट लॉडरडेलला चढलो तेव्हा जहाजावर एक वसलेलं गाव होतं. इंग्लंडहून आलेली पूर्ण फेरीवाली मंडळी दोन आठवड्यांपासून तिथे राहत होती. कोणाची खुर्ची कोणती, जिगसॉचं टेबल कोणाचं, प्रश्नमंजुषेत कोणाच्या गटात कोण, सगळं ठरलेलं. आमच्याकडे ते चाळीतल्या जुन्या भाडेकरूंच्या नजरेने बघत. टप्पा जितका पुढचा तितकं हे जास्त होत असणार, असा माझा अंदाज. एका आजोबांनी आम्हाला विचारलं, “कुठे उतरणार?” सॅन फ्रान्सिस्को म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी कीव आली.

आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा गोव्याचा, कुंकळ्ळीचा. वडील तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, आजोबाही तारवटी. कोकण-गोव्याची माणसं ब्रिटिशांच्या काळापासून या जहाजांवर आहेत. पी अँड ओच्या बोटींवर जेवणघरात गोवेकर आणि डेकवर रत्नागिरीकडचे सारंग-खलाशी असत. दुसऱ्याच रात्री न मागता वरण-भात आला, वर तुपाची धार. ताईने त्याला टप्प्यांबद्दल विचारलं. तो कोंकणी-मराठी मिसळून म्हणाला की टप्पेवाली माणसं चढतात तेव्हा पहिले तीन दिवस खूप खातात, मग माणसासारखी खातात. आम्ही दोघींनी आपापल्या ताटाकडे पाहिलं.

कार्ताहेनाचा उकाडा असह्य होता. तटबंदीच्या आतलं जुनं शहर 1984 पासून जागतिक वारशात आहे, आणि तिथे उतरल्यावर नारळाचं दूध घातलेलं गार लिंबू सरबत प्यायलं नाही तर माणूस टिकणार नाही. सान फेलिपे किल्ल्याच्या भुयारांत आम्ही गेलो. 1741 मध्ये एडवर्ड व्हर्ननच्या भल्यामोठ्या इंग्रज आरमाराला इथे माघार घ्यावी लागली. शहर लढवणारा ब्लास दे लेसो एका पायाचा, एका डोळ्याचा आणि एकाच धड हाताचा होता. ताई म्हणाली, “याची जखम बांधणाऱ्याचं नाव नाही कुठे लिहिलेलं?” नव्हतं.

पनामाचा दिवस पहाटे पाचला सुरू झाला. अंधारात आजूबाजूला नांगरलेल्या जहाजांचे दिवे, आणि कालव्याचा पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा तिथला जाणकार, वर चढलेला. इतर बंदरांत पायलट सल्ला देतो, जबाबदारी कप्तानाचीच राहते. पनामा कालव्यात मात्र जहाज पायलटच्या ताब्यात जातं. जुन्या लॉकची, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली करणाऱ्या दारांच्या हौदाची, रुंदी 33.5 मीटर, आमच्यासारखं जहाज 32 मीटरच्या वर. दोन्ही बाजूंना मिळून दीड मीटरही मोकळं नाही. पुढे वल्ह्याच्या छोट्या होडीतून दोन माणसं आली, त्यांनी दोर घेतला, आणि मग काठावरच्या रुळांवरून चालणारी इंजिनं (त्यांना तिथे ‘म्यूल’, म्हणजे खेचर म्हणतात) तारा ताणून आम्हाला मधोमध धरून चालू लागली. ओढत नाहीत ती. जहाज स्वतःच्या इंजिनावर जातं, ही फक्त भिंतीला घासू देत नाहीत.

ताईची खिडकी! गातूनच्या पहिल्या लॉकमध्ये शिरलो तेव्हा खिडकीत होती फक्त ओली काँक्रीटची भिंत, शेवाळ, आणि एक खेकडा. मग भिंत खाली जायला लागली. आवाज नाही, धक्का नाही. कुठेही पंप नाही. वरच्या तळ्यातलं पाणी उताराने खाली येतं आणि हजारो टनांचं जहाज उचलतं. सात-आठ मिनिटांत खिडकीत भिंतीऐवजी आकाश, हिरवळ आणि शिरस्त्राण घातलेला एक माणूस आला. त्याने हात केला. असं तीनदा झालं आणि आम्ही समुद्रापासून 26 मीटर उंच, गातून तळ्यात पोचलो.

हे तळं माणसाने चाग्रेस नदीला बांध घालून केलेलं. एका जहाजाच्या पूर्ण प्रवासात सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्राला मिळतं. म्हणून 2023 मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा रोजची 36 च्या आसपासची जहाजं 22 पर्यंत खाली आणावी लागली होती. पाणीकपात काय ते ठाण्यात राहून आम्हाला कोणी शिकवायला नको, पण कपातीत जहाजं अडतात हे नवीन होतं.

माझी मान यंत्रांकडे आणि ताईची डासांकडे. फ्रेंचांनी 1881 मध्ये काम सुरू केलं तेव्हा सुएझ खणणारे फर्डिनांड द लेसेप्सच त्याचे पुढारी होते. सुएझ सपाट वाळूत, एकही लॉक न घालता झाला, म्हणून इथेही समुद्रसपाटीलाच खणायचा हट्ट. डोंगर होता, पाऊस होता, आणि मलेरिया व पिवळा ताप होता. फ्रेंच काळात बावीस हजारांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे. नंतर 1904 पासून अमेरिकनांच्या वेळी विल्यम गोर्गस या लष्करी डॉक्टरने आधी डासांशी लढाई केली: साचलेल्या पाण्यावर तेल, टाक्यांना झाकणं, खिडक्यांना जाळ्या, घराघरांत धुरी. मलेरिया डासातून पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉसना 1897 मध्ये आपल्या सिकंदराबादेत सापडला होता. डेकवर माहिती सांगणाऱ्या बाईंनी गोर्गसला दोन वाक्यांत उरकलं तेव्हा ताई मोठ्याने म्हणाली, “अहो, त्याच्याशिवाय तुमचा कालवा कुठे होता?” मराठीतच म्हणाली, तरी बाईंनी मान डोलावली. अमेरिकन काळातही 5,609 कामगार मेले, त्यांतले बहुतेक बार्बाडोस आणि कॅरिबियन बेटांवरून आणलेले कृष्णवर्णीय. कुलेब्राच्या खिंडीतून जाताना दोन्ही बाजूंचे कापलेले डोंगर दिसतात. तिथे दरडी कोसळून खणलेलं पुन्हा पुन्हा भरत असे.

पेद्रो मिगेलला एक पायरी उतरलो, मिराफ्लोरेसला दोन, आणि ब्रिज ऑफ द अमेरिकाजखालून पॅसिफिकमध्ये. संध्याकाळी नकाशावर बोट ठेवून ताईने मला पकडलं: अटलांटिक सोडून पॅसिफिकमध्ये आलो, म्हणजे पश्चिमेला यायला हवं होतं, पण आम्ही सकाळपेक्षा पूर्वेला होतो. पनामाची चिंचोळी पट्टी तिथे अशी वळली आहे की कालवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो.

नंतरचे दिवस पटकन सांगते. पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजाची एक मजा म्हणजे रात्री घड्याळ मागे करतात आणि एक तास फुकट मिळतो. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत असे तीन तास मिळाले. उलट दिशेने जगाला फेरी मारणारी जहाजंही असतात, त्यांचे प्रवासी हेच तास झोपेतून गमावतात. आमच्या वयाच्या माणसांनी टप्पा घेताना दिशा बघावीच. मेक्सिकोच्या तेवांतेपेकच्या आखातात मात्र ती झोप वसूल झाली. हिवाळ्यात तिथे डोंगरांच्या फटीतून अटलांटिककडचा वारा सुसाट पॅसिफिकवर येतो. संध्याकाळी जिन्यांच्या कठड्यांना कागदी पिशव्या लागल्या, तेव्हाच समजलो. ताईच्या डब्यातल्या आलेपाकाच्या वड्या त्या रात्री आमच्या मजल्यावर वाटल्या गेल्या. कीव करणारे आजोबाही घेऊन गेले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आदल्या दिवशी ताई मला न सांगता पुढच्या तिकिटांच्या टेबलाशी जाऊन बसली. सिडनीपर्यंत काही केबिन रिकाम्या होत्या, भाव उतरला होता. तिथल्या मुलीने हसत विचारलं, “ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आहे?” तिथेच गाडं अडलं.

पहाटे गोल्डन गेटखालून आत आलो. चिमणी आणि पूल यांच्यात भरपूर जागा होती, पण डेकवरच्या प्रत्येकाने मान खाली घातली. मग इमिग्रेशन. इथे पुढे जाणाऱ्यांनाही उतरून अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागतं, जहाज पूर्ण रिकामं झाल्याशिवाय कोणालाही परत चढू देत नाहीत. त्यामुळे आजोबा रांगेत आमच्या मागेच होते. ताईने त्यांना उरलेला आलेपाक दिला, आणि बाहेर भाच्याच्या गाडीत बसता बसता विचारलं, “ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा फॉर्म तुझ्या लॅपटॉपवर भरता येईल का रे?”